आमच्या भागातला सर्वांत मोठा पापी

खंडारे साहेबांइतका मोठा पापी आमच्या भागात दुसरा झाला नाही. हे मत माझं नाही. खुद्द खंडारे साहेबांचं आहे, आणि ते त्यांनी मला खासगीत नव्हे, तर माइकवरून सांगितलं, तीनएकशे माणसांसमोर.

तोवर मी त्यांना शेजारी म्हणून आठ-नऊ वर्षं ओळखत होतो आणि मला ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मला दिसत होता तो एक किडकिडीत माणूस. इस्त्रीचा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं आणि पट्टी लावून पाडावा तसा भांग. दानियल खंडारे वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. उभी नोकरी गांधीबागेतल्या कापडवाल्यांच्या मीटरपट्ट्या आणि लकडगंजातले वजनकाटे तपासण्यात गेली. दिवाळीत कोणी संत्र्यांची पेटी घरी पाठवली, तर ती त्याच रिक्षाने परत जायची. खात्यात त्यांना लोक भीत नसत, कंटाळत.

निवृत्तीनंतरही पिशवीत रुमालात गुंडाळलेलं अर्धा किलोचं पितळी वजन असायचंच. रविवारच्या बाजारात ते ओळीत शिरले की भाजीवाल्या एकमेकींना खुणा करत. एकदा माझ्यासमोरच एक म्हातारी म्हणाली, "साहेब, तुमी देवाच्या घरी गेले तरी पयले काटाच तपासान."

"तिथला काटा बरोबरच असते वं," साहेब म्हणाले. "गडबड आपल्या पारड्यात राहते."

चहाचा पेला हातात आला की तो डोळ्यांच्या रेषेत धरून ते आधी पातळी बघत आणि मगच तोंडाला लावत. चहा कमी असला तर काही म्हणत नसत. जास्त असला तर मात्र म्हणत, "एवढा काहून देला?"

त्यांचा गुडघा दुखायला लागला, तेव्हा त्यांना रविवारी देवळात सोडण्याचं काम माझ्या स्कूटरकडे आलं. त्यांच्या मंडळीतली जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात. माझं देवाशी बोलणं नाही, तसं भांडणही नाही. कॉलेजात तीस वर्षं इतिहास शिकवल्यावर कोणाच्याच बाजूने फार उत्साह उरत नाही. त्यांना सोडायचं, उन्हात परत जाण्यापेक्षा मागच्या बाकावर पंख्याखाली बसायचं आणि उपासना संपली की घेऊन यायचं, असा माझा धर्म ठरून गेला.

एक गोष्ट माझ्या लवकर ध्यानात आली. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि इवल्याशा पेल्यातून मनुकांचा रस. त्या वेळी मी बाहेर कडुनिंबाखाली जाऊन उभा राहायचो, कारण माझा तिथे काही संबंध नव्हता. आणि दर वेळी पाठोपाठ खंडारे साहेब बाहेर यायचे, "मोटर पाहायची हाय" म्हणत. देवळामागे पाण्याची टाकी होती, तिची मोटर बरोबर त्याच वेळी त्यांना आठवायची. टाकी भरेपर्यंत ते तिच्याकडे टक लावून उभे राहत आणि आतलं शेवटचं गीत सुरू झालं की मोटर बंद करत. मला वाटलं, असेल एकेकाची सेवा.

आता साक्षीबद्दल. त्यांच्यात एक रीत आहे. माणूस मंडळीसमोर उभा राहतो आणि आपण आधी काय होतो, प्रभूने कसं बाहेर काढलं, ते सांगतो. रीत चांगली आहे. आपल्याकडे माणसं माइक हातात आला की आपले सद्गुण सांगतात. त्या मानाने हा प्रकार ऐकायला पुष्कळच बरा. मात्र त्यातही दर्जे पडतात. उन्हाळ्यात देवळामागच्या मैदानात तीन दिवस संजीवन सभा असते. तिथे किरकोळ पापवाल्यांना पहिल्या दिवशी दुपारी बोलावतात, तेव्हा समोर फक्त खुर्च्या असतात. मोठ्या पापाला शेवटच्या दिवशीची संध्याकाळ मिळते. खंडारे साहेबांना गेली कित्येक वर्षं शेवटची संध्याकाळ होती. एके वर्षी छिंदवाड्याकडचा एक माजी दरोडेखोर आला होता. त्यालासुद्धा त्यांच्या आधी बसवला.

मी ऐकली ती साक्ष अशी. तरुणपणी ते लकडगंजात नाल्याच्या कडेला पडलेले असत. दिवसाला दोन-दोन बाटल्या पीत. जुगारात सासऱ्याची घड्याळं हरले. पत्नीला मारत. एकदा तर पेटता कंदील फेकून मारला. आणि मग एका पहाटे त्याच नाल्याच्या काठी त्यांना हाक ऐकू आली. बायका पदराला डोळे पुसत होत्या. कीबोर्डवाला पोऱ्या हाक येण्याच्या जागी बरोबर हळुवार सूर लावत होता. सरावाने सगळं जमतं.

मी मात्र सुनंदाबाईंकडे बघत होतो. ज्यांना कंदील लागला, त्या. त्या बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत बसून, आपल्याला मारल्याचं वर्णन हवामानाच्या बातम्या ऐकाव्या तसं ऐकत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कुंपणावरून वाटीभर लोणचं दिलं. मी म्हटलं, "बाई, तुम्ही फार सोसलंत."

"काय सोसलं?" त्या म्हणाल्या. "अहो प्रोफेसर, हा माणूस झुरळ मारायले मले हाक मारते! दर वर्षी सभेच्या आधी मी म्हणते, यंदा तरी मले थोडं कमी मारा. तं म्हंतात, लोकायले मागच्या वर्षीचा कंदील याद राहते, आता कमी कसा करू?"

अशा रीतीने आमच्या भागातला सर्वांत मोठा पापी हा मुळात पापीच नाही, हे मला लोणच्याबरोबर कळलं.

पुढे ते त्यांनी स्वतःही सांगितलं, टाकीपाशी उभं असताना. पंचविशीत पहिल्यांदा साक्ष द्यायला उभे राहिले, तेव्हा सांगण्यासारखं एकच पाप गाठीला होतं. भिवापूरला मित्राच्या लग्नात मोहाच्या दारूचे चार घोट घेतले आणि ते लगेच मांडवाबाहेर परत केले. एवढं बोलून ते थांबले. सगळी मंडळी वाट बघत होती. पुढच्या बाकावरचे एक वडीलधारे मायेने म्हणाले, "बोल बेटा, लाजू नको, आणखी बोल." मग ते आणखी बोलले. लोक रडले. मागच्या बाकावर त्यांची आईही रडली, कारण बिचारीला वाटलं की हा आपल्यापासून इतकी वर्षं एवढं लपवत होता. घरी जाऊन त्यांनी खरं सांगितलं, तर ती म्हणाली, "आता तरी खोटं बोलू नको रे!"

सुरुवात एवढीच होती. पुढे दर वर्षी थोडं वाढलं. "पण मोटर काहून पाहता?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

"प्रभूच्या मेजावर जायच्या आधी माणसानं स्वतःले तपासा लागते," ते म्हणाले. "मी तपासतो. मग मोटर पाहायले येतो."

तीस-पस्तीस वर्षं हा माणूस त्या प्रभुभोजनाच्या मेजापासून स्वतःला परत पाठवत होता. कोणी विचारलं नव्हतं, कोणाला कळलंही नसतं. निरीक्षकच ते. स्वतःच्या काट्यावर त्यांनी स्वतःच सील ठोकलं होतं आणि ते काढण्याचा अधिकार आपल्याला नाही, असं त्यांचं मत होतं.

हे असंच चाललं असतं. पण त्यांच्या साक्षीने एक घोटाळा केला. ती खरी ठरली.

सायमन नावाचा एक माणूस लकडगंजात फर्निचरला पॉलिश करायचा. हाताला स्पिरिटचा वास कायमचा, त्यामुळे प्यायला आहे की नाही हे वासावरून सांगता येत नसे. मात्र चालण्यावरून येत असे. सभेत साक्ष ऐकून तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खंडारे साहेबांच्या फाटकाशी उभा राहिला. म्हणाला, "साहेब, तुमी नाल्यातून निंघाले तं मी बी निंघू शकतो. फक्त एक सांगा. संध्याकाळी सहा वाजता काय करत होते? बाकी दिवस निंघून जाते. सहा वाजता पाय आपोआप तिकडं चालते."

ज्या माणसाने आयुष्यात चार घोट घेतले होते, त्याला सहा वाजताची काय कल्पना! पण समोरचा फाटक घट्ट धरून उत्तराची वाट बघत होता. साहेबांची नजर ओसरीवर ताटलीत वाळवून ठेवलेल्या संत्र्याच्या सालींवर गेली. म्हणाले, "साल चघळत होतो. वाळलेली. कडू लागते, पण धरून ठेवायची तोंडात." आणि मग, खोट्याला टेकू द्यावा म्हणून म्हणाले, "आणि एकटा बसत नव्हतो."

म्हणजे आता कोणीतरी बरोबर बसणं आलं. दुसऱ्या दिवसापासून रोज पावणेसहाला मी स्कूटरवरून साहेबांना लकडगंजात सायमनच्या दुकानापाशी सोडायला लागलो. दुकानासमोर एक ओंडका पडलेला होता. त्यावर दोघं बसत, साली चघळत, आणि सात वाजता उठत. बोलणं फारसं नसे. सायमन मध्येच म्हणे, "लय कडू हाय गा हे, साहेब." साहेब म्हणत, "राहू दे तोंडात." पाऊस गेला, थंडी गेली. दारू न प्यायलेला माणूस दारू सोडण्याचे सगळे कष्ट सायमनच्या जोडीने रोज तासभर उपसत होता. आणि सायमन प्यायचा थांबला. खरोखर थांबला. मी नास्तिक असल्यामुळे ह्याचं श्रेय सालींना देतो, पण आग्रह नाही.

पुढच्या उन्हाळ्यात देवळाच्या पाळकसाहेबांनी, म्हणजे पाद्रींनी, ठरवलं की यंदाच्या सभेत गुरू-शिष्य दोघांचीही साक्ष ठेवायची. पाळकसाहेब उत्साही गृहस्थ. प्रभूचं काम लोकांपर्यंत पोहोचायचं तर फ्लेक्स मोठा हवा, ह्यावर त्यांचा दृढ विश्वास होता. फ्लेक्सवर खंडारे साहेबांचे दोन फोटो हवेत, 'पूर्वी' आणि 'आता'. 'आता' सोपं होतं. 'पूर्वी'साठी त्यांनी साहेबांना चार दिवस दाढी करू दिली नाही आणि आपल्याच ओसरीवर केस विस्कटून, शर्टाची दोन बटणं काढायला लावून फोटो घेतला. त्या 'पूर्वी'तही खिशाला दोन पेनं होती. सुनंदाबाई चौकात उभ्या राहून तो फ्लेक्स बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, "एवढी वर्षं झाली लग्नाले, ह्या माणसाले मीनं आज पयल्यांदा पाह्यलं."

सभेला दोन दिवस असताना सायमन एक कागद घेऊन ओंडक्यावर आला. मी स्कूटरवरच होतो. त्याने आपली साक्ष लिहून पाळकसाहेबांना दाखवली होती.

"पाळकसाहेब म्हंतात, चांगली हाय, पण साधी हाय," तो म्हणाला. "थोडी वाढव म्हंतात, खंडारे साहेबांसारखी. आता साहेब, म्या बायकोले, रोझीले, कधी हात नाही लावला. प्यायचो अन् रडत झोपायचो. पण म्हंतात, लोकायच्या काळजाले लागलं पाहिजे. तं तुमचा तेवढा कंदिलाचा भाग मी माझ्यात कसा बसवू, थे सांगा."

खंडारे साहेबांनी तोंडातली साल काढून हातात धरली. परत येताना चौकात फ्लेक्सपाशी त्यांनी स्कूटर थांबवायला लावली.

"प्रोफेसर, हापिसात आमच्याजवळ एक वजन राहत होतं," ते म्हणाले. "काचेच्या पेटीत. बाजारातली सारी वजनं त्याच्याशी ताडून पाहत होतो. दुकानदाराचं वजन खोटं निघालं तं एक दुकान बुडते. पेटीतलंच खोटं निघालं तं?"

मी स्कूटर बंद केली.

"तुमी देव मानत नाही, म्हणून तुमाले विचारतो. पाळकसाहेबाले विचारलं तं ते प्रार्थना करतीन. खरं सांगितलं अन् सायमन पुन्हा पेला, तं काय करू?"

मी माझ्या परीने शहाणपणाचं बोललो. म्हटलं, "सांगू नका. एका खोट्यावर एक माणूस उभा असेल, तर त्याच्या पायाखालची फळी कशाला काढायची? कोणाचं काही बिघडत नाही."

"तुमचं ठीक हाय," ते म्हणाले. "तुमाले कोणाले तोंड दाखवा लागत नाही."

शेवटच्या संध्याकाळी मैदान भरलं होतं. खंडारे साहेब दाढी करून आले होते, ह्यावर पाळकसाहेब आधीच नाराज होते. माइक हातात घेऊन त्यांनी कोणतीही प्रस्तावना न करता सांगितलं, "मी दारू कधी पेलो नाही."

लोकांनी सवयीने "हालेलूया" म्हटलं.

"नाही, ऐका. भिवापूरले चार घोट घेतले होते, तेवढेच. जुगार मले येत नाही. बायकोले मारलं नाही. कंदील आमच्या घरी नव्हताच, आमच्याकडे लाइट होती. तीस वर्षं मी ह्या जागेवर उभा राहून खोटं बोललो. माझं पाप तेच हाय. दुसरं मोठं पाप मले करता आलं नाही."

कीबोर्डवाला बिचारा हाकेची वाट बघत होता. ती येईना, म्हणून त्याने अंदाजाने हळुवार सूर लावला. आणि पाळकसाहेब पुढे आले. त्यांचे डोळे खरंच भरून आले होते. त्यांनी साहेबांच्या खांद्यावर हात टाकला आणि दुसरा माइक घेतला. "बघा, बंधूंनो आणि भगिनींनो! ह्याला म्हणतात क्षमा! प्रभूने पाप इतकं पुसून टाकलं, इतकं पुसून टाकलं, की खुद्द पाप्यालाही ते आठवत नाही!"

मैदान उठून उभं राहिलं. इतक्या टाळ्या त्यांच्या खोट्याला कधी मिळाल्या नव्हत्या. साहेब हात हलवत "अहो, नाही हो! खरंच नाही!" म्हणत होते आणि त्यांच्या प्रत्येक "नाही"ला लोक "आमेन" म्हणत होते.

तीनशे माणसांत त्यांच्यावर विश्वास ठेवणारा एकच निघाला. सायमन मंचाच्या पायऱ्यांशी हातात कागद घेऊन आपल्या पाळीची वाट बघत उभा होता. त्याने कागदाची घडी केली, खिशात घातली आणि खुर्च्यांच्या मधल्या वाटेने सरळ निघून गेला. साहेब दुखऱ्या गुडघ्याने मंचावरून उतरून फाटकापर्यंत पोहोचेतो तो दिसेनासा झाला होता.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला आम्ही लकडगंजात गेलो. दुकानाचं शटर बंद होतं. साहेब ओंडक्यावर एकटे बसले, साल चघळली आणि सात वाजता उठले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या आरामशीनवाल्याने सांगितलं, "सायमन पिऊन राहिला जी, काल भट्टीपाशी दिसला." साहेबांनी मान हलवली आणि बसून राहिले. मी म्हटलं, "आता कशासाठी बसता?" ते म्हणाले, "सहा वाजले ना." उन्हाळ्यात नवी संत्री नव्हती. पिशवीतल्या जुन्या साली ते अर्ध्या-अर्ध्या करून वापरत होते आणि दर वेळी एक अर्धी ओंडक्यावर शेजारी ठेवत होते.

आठव्या दिवशी सायमन आला. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. पाळकसाहेबांना 'पूर्वी'चा फोटो हवा होता, तो आत्ता घेता आला असता. तो ओंडक्याच्या दुसऱ्या टोकाला बसला.

"पेलो," तो म्हणाला. "चार दिवस पेलो. मंग थांबलो. इचारा ना, किती पेलो."

"नाही इचारत," खंडारे साहेब म्हणाले. वजनमापे खात्याच्या माणसाने प्रमाण न विचारल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

"मीच येडा," सायमन म्हणाला. "मले तवाच समजायले पाहिजे होतं. तुमी सभेत सांगत होते, दोन बाटल्या पेलो, दोन बाटल्या पेलो. पेणारा माणूस किती पेली थे नाही सांगत, साहेब. किती उरली, थे पाहते."

"मले माफ कर गा," साहेब म्हणाले. ते शब्द त्यांनी आयुष्यात हजार वेळा माइकवरून उच्चारले असतील. असे मी पहिल्यांदाच ऐकले.

सायमनने दाढी खाजवली. "ह्या आठ दिवसांत तुमी इथं येत होते?"

"हो."

"अन् काय करत होते?"

साहेबांनी शेजारी ठेवलेली अर्धी साल दाखवली. सायमनने ती उचलली, तोंडात टाकली आणि तोंड वाकडं केलं. "ह्या सालीचं तरी खरं हाय का? का हे बी बनवलं?"

"बनवलं," साहेब म्हणाले.

सायमन हसला. तोंडातली साल मात्र त्याने थुंकली नाही.

पुढे त्याची साक्ष झाली नाही. पाळकसाहेबांना ती साधीच वाटली. खंडारे साहेबांचीही पुन्हा झाली नाही, कारण ज्याच्याकडे पापच नाही, त्याला शेवटची संध्याकाळ कोण देणार? फ्लेक्स पावसाळ्यात कोणीतरी काढून नेला. लकडगंजात एका फळकुटांच्या ढिगावर तो झाकण म्हणून मी पुढे बरेच दिवस बघत होतो, 'पूर्वी' वर आणि 'आता' घडीत. दिवाळीनंतर सुनंदाबाई आणि साहेब मुलीकडे रायपूरला राहायला गेले. सायमन अजून लकडगंजात आहे. सहा वाजता ओंडक्यावर असतो. हल्ली त्याच्या शेजारी आणखी एक जण बसलेला दिसतो, तोंड वाकडं करून.

साहेबांना देवळात मी शेवटचं बघितलं ते जाण्याआधी, महिन्याच्या पहिल्या रविवारी. प्रभुभोजनाची वेळ झाली, तसा मी उठून कडुनिंबाखाली गेलो. उपासनेआधी साहेबांनीच लावलेली मोटर सुरू होती. मी साहेबांची वाट बघत होतो. खिडकीतून आतलं दिसत होतं. लोक रांगेने पुढे जाऊन गुडघे टेकत होते. त्या रांगेत सायमन होता आणि त्याच्या खांद्याचा आधार घेऊन, एकेक पाऊल टाकत, खंडारे साहेब. गुडघा वाकेना, तेव्हा ते तसेच उभे राहिले. पाळकसाहेबांनी त्यांच्या हातात तो इवलासा पेला दिला. आता ते तो डोळ्यांच्या रेषेत धरणार, म्हणून मी बघत राहिलो. त्यांनी धरला नाही. सरळ तोंडाला लावला.

मागे पाणी पडल्याचा आवाज येत होता. टाकी भरून वाहायला लागली होती आणि ओहोळ पार कडुनिंबापर्यंत आला होता. आतून कोणी येणार नव्हतं. शेवटी मीच गेलो आणि मोटर बंद केली.